ख्रिस्ती धर्माचा प्रसार आणि ‘अनुकूल परिस्थिती’चा सिद्धान्त : एक चिकित्सा

रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यातील लहानशा प्रांतात इ.स. ३० च्या सुमारास एका उपदेशकाला क्रूसावर मारण्यात आले. त्याच्या मूठभर अनुयायांचा पंथ पुढील साडेतीनशे वर्षांत त्याच साम्राज्याचा राजधर्म झाला. या घटनेचे स्पष्टीकरण म्हणून कारणांची एक ठराविक यादी इतिहासग्रंथांतून वारंवार आढळते. ऑगस्टसने प्रस्थापित केलेली शांतता, रोमन रस्ते, चाच्यांपासून मुक्त झालेला भूमध्य समुद्र, सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा, गावोगावची यहुदी सभास्थाने आणि जुन्या देवतांवरची ढासळलेली श्रद्धा ही ती यादी होय. जमीन नांगरून तयार होती, बी तेवढे पडावयाचे होते, असे तिचे तात्पर्य असते.

प्रस्तुत लेखात या सिद्धान्ताची चिकित्सा करावयाची आहे. यादीतील बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. मात्र ज्या घटनेचे कारण म्हणून त्या सांगितल्या जातात, त्या घटनेचा उलगडा त्यांनी खरोखर होतो काय, हा प्रश्न उरतो. पालीच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. धर्म कशाने पसरतो आणि कशाने टिकतो, हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ पांडित्याचा नाही, एवढेच तूर्त उत्तर देऊन मूळ विषयाकडे वळू.

१. सिद्धान्ताचा उगम

हा सिद्धान्त आधुनिक इतिहासकारांनी शोधला असा समज आहे. वस्तुतः तो ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अपत्य आहे. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने इ.स. २४८ च्या सुमारास केल्सस या टीकाकाराच्या ग्रंथाला विस्तृत उत्तर लिहिले. येशूच्या जन्मकाळी ऑगस्टसने अनेक राज्ये एका छत्राखाली आणली होती. निरनिराळे राजे आणि त्यांची आपसांतील युद्धे चालू राहिली असती तर प्रेषितांना सर्व राष्ट्रांत जाऊन उपदेश करणे अवघड झाले असते. म्हणून साम्राज्याची एकता ही ईश्वराची पूर्वयोजना होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. कॉन्स्टंटाइनचा समकालीन बिशप युसेबियस याने हीच कल्पना पुढे नेली आणि एक ईश्वर व एक सम्राट अशी जोडी जुळविली.

इ.स. १७७६ मध्ये एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या पंधराव्या प्रकरणात ख्रिस्ती धर्माच्या वाढीची पाच कारणे दिली आहेत : अनुयायांचा असहिष्णू आवेश, परलोकाची शिकवण, चमत्कारांचा दावा, शुद्ध व कठोर आचरण, आणि मंडळीची एकजूट व शिस्त. ही पाचही कारणे त्या पंथाच्या अंतरंगातील आहेत. रस्ते आणि शांतता यांना गिबनने या यादीत स्थान दिले नाही, ही गोष्ट त्याचे नाव घेणारे अनेक लेखक विसरतात. पुढे इ.स. १९०२ मध्ये आडोल्फ फॉन हार्नाक या जर्मन पंडिताने पहिल्या तीन शतकांतील प्रसाराचा पुरावा एकत्र केला आणि बाह्य व आंतरिक अशा दोन्ही अनुकूलता सविस्तर मांडल्या. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांतील बाह्य अनुकूलता तेवढ्या उचलल्या.

आधुनिकांनी ओरिगेनच्या युक्तिवादातून ईश्वर वगळला, परंतु युक्तिवादाचा सांगाडा तोच ठेवला. शेवट ठाऊक असल्यामुळे त्याआधीचे सर्व काही त्याची तयारी म्हणून दिसू लागते. या पद्धतीचा दोष असा की, ती विजयी पक्षालाच लागू होते. जे पंथ त्याच काळी, त्याच रस्त्यांनी निघाले आणि लुप्त झाले, त्यांचा हिशेब तिला देता येत नाही.

२. रस्ते, शांतता आणि भाषा

या परिस्थितीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पौलाचा प्रवास पाहिला तर ते स्पष्ट होते. फिलिप्पी आणि थेस्सलोनिका ही त्याची दोन्ही केंद्रे एग्नेशिया या राजमार्गावर होती. करिंथ हे दोन समुद्रांमधील व्यापारी शहर होते. तेथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू बनविण्याचा धंदा करीत राहिला. सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोममधून घालवून दिल्यामुळे हे दांपत्य करिंथला आले होते. डेल्फी येथील शिलालेखामुळे त्या वेळचा प्रांताधिकारी गॅलिओ याचा काळ इ.स. ५१-५२ असा ठरतो आणि पौलाच्या या वास्तव्याचा काळही निश्चित होतो. फिरते कारागीर, बंदरे आणि ग्रीक भाषा यांच्या आधाराने नवा विचार गावोगावी गेला, हे येथे प्रत्यक्ष दिसते. तरीही हाच पौल आपले जहाज तीन वेळा फुटल्याचे आणि वाटेत दरोडेखोरांचे भय असल्याचे सांगतो. राजमार्ग होते म्हणजे प्रवास सुखाचा होता, असा अर्थ होत नाही.

तथापि या स्पष्टीकरणावर तीन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप समानतेचा. रस्ते सर्वांचे होते. इजिप्तची इसिस देवी त्याच बंदरांतून डेलॉस आणि पाँपेई येथे पोहोचली होती. मिथ्राचा पंथ सैनिक व अधिकारी यांच्याबरोबर ब्रिटनमधील हेड्रियनच्या तटबंदीपर्यंत गेला. युफ्रेटिस नदीवरील दुरा-युरोपोस या सीमेवरच्या ठाण्यात याचा मोठा बोलका पुरावा मिळतो. इ.स. २५६ च्या सुमारास सासानी सैन्याच्या वेढ्यात तेथील तट बळकट करण्यासाठी लगतच्या इमारती मातीने भरण्यात आल्या आणि त्यामुळेच त्या सुरक्षित राहिल्या. त्यांत भित्तिचित्रांनी नटलेले यहुदी सभास्थान आहे, मिथ्राचे मंदिर आहे, आणि साध्या घराचे रूपांतर करून केलेले ख्रिस्ती प्रार्थनागृहही आहे. एकच तट, एकच बाजारपेठ, एकच राज्यव्यवस्था. त्या काळी तेथे आलेल्या प्रवाशाला यांपैकी सर्वांत साधे घर उद्याच्या राजधर्माचे आहे, असे रस्त्याकडे पाहून सांगता आले नसते.

दुसरा आक्षेप काळाचा. रोमन शांततेचा वैभवकाळ इ.स. १८० च्या सुमारास संपला. इ.स. २३५ ते २८४ या अर्धशतकात वीसहून अधिक सम्राट गादीवर आले. नाणे घसरले, साथी आल्या, आणि इ.स. २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या कैदेत पडला. याच शतकात ख्रिस्ती मंडळी दृष्टीत भरण्याइतकी मोठी झाली. इ.स. २५६ मध्ये कार्थेजच्या परिषदेला उत्तर आफ्रिकेतील ८७ बिशप जमले होते. शांतता हेच प्रमुख कारण असते तर ती मोडल्यावर वाढ खुंटावयास हवी होती.

तिसरा आक्षेप स्थळाचा. रोमन रस्ते जेथे नव्हते तेथेही हा धर्म गेला. एडेसा येथे तो सिरियाक भाषेत रुजला. आर्मेनिया आणि आफ्रिकेतील अक्सुम येथील राजांनी चौथ्या शतकात तो स्वीकारला. इराणमध्ये दुसऱ्या शापूरच्या काळी, इ.स. ३४० च्या सुमारास, त्याच्या अनुयायांचा कठोर छळ झाला. तरीही तेथील मंडळी टिकली आणि इ.स. ६३५ मध्ये तिचा धर्मोपदेशक चीनच्या राजधानीत पोहोचला, असे शीआन येथील इ.स. ७८१ चा शिलालेख सांगतो. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे सामान्यतः मानले जाते. या साऱ्या प्रसाराचे श्रेय ऑगस्टसच्या शांततेला देता येणार नाही.

३. सभास्थाने : परिस्थिती आणि निर्णय

यादीतील सर्वांत सबळ कारण म्हणजे यहुदी सभास्थाने. पॅलेस्टाइनबाहेर विखुरलेल्या यहुद्यांची वस्ती साम्राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांत होती. त्यांचे धर्मग्रंथ इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून ग्रीक भाषेत उपलब्ध होऊ लागले होते. एकेश्वरवाद आणि नीतिनियम यांनी आकृष्ट झालेले अनेक ग्रीक लोक सभास्थानाच्या आसपास वावरत. त्यांना ‘देवभीरू’ म्हणत. सुंता आणि आहाराचे निर्बंध यांमुळे ते पूर्ण यहुदी होत नसत. अशा रीतीने उंबरठ्याशी थांबलेला एक वर्ग तयार होता, हे खरे.

परंतु हा वर्ग ख्रिस्ती मंडळीत आपोआप गेला नाही. यहुदी नसलेल्या अनुयायांवर सुंतेची सक्ती करावी की नाही, याविषयी आरंभीच्या मंडळीत तीव्र वाद झाला. इ.स. ४९ च्या सुमारास जेरुसलेम येथे ज्येष्ठांची बैठक होऊन सक्ती करू नये असे ठरले. त्यानंतरही वाद शमला नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे पडसाद उमटले आहेत. जन्माने ठरणारे सदस्यत्व बाजूला सारून श्रद्धेने आणि दीक्षेने ठरणारे सदस्यत्व स्वीकारणे हा मानवी निर्णय होता. आपल्याच परंपरेतील प्रतिष्ठितांचा रोष पत्करून तो घेण्यात आला. उंबरठ्यावर माणसे उभी होती हे परिस्थितीचे काम. दार उघडणे हे माणसांचे.

४. मंडळीचे अंतरंग

मग या पंथाजवळ इतरांहून वेगळे काय होते? ब्रिटिश अभ्यासक आर्थर डार्बी नॉक यांनी इ.स. १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मांतरावरील ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. प्राचीन जगातील मनुष्य इसिसची पूजा करीत असे, मिथ्राची दीक्षा घेत असे आणि कुलदैवतही सोडीत नसे. ही जुन्यात घातलेली भर होती. यहुदी आणि ख्रिस्ती धर्म मात्र जुने सोडून नवे स्वीकारण्याची मागणी करीत. तेच खरे धर्मांतर. ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घकाळ शिक्षण दिले जाई. परंपरेने हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या एका नियमग्रंथात त्यासाठी तीन वर्षांची मुदत सांगितली आहे. अशा प्रकारे आत आलेला मनुष्य सहसा दोन्ही दरडींवर हात ठेवून राहत नसे.

दुसरी गोष्ट साप्ताहिक सभा आणि सामायिक निधी. जस्टिन हा दुसऱ्या शतकाच्या मध्यास रविवारच्या सभेचे वर्णन करतो. ज्यांची ऐपत असेल ते स्वेच्छेने देत आणि तो निधी अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील बंदिवान व परगावचे पाहुणे यांच्यासाठी खर्च होई. इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन गरिबांचे दफन, वृद्ध दास, जहाज फुटून निराधार झालेले आणि खाणीत शिक्षा भोगणारे यांचा त्यात समावेश करतो. इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीची मोजदाद देतो. ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ सहायक, भुते काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या अन्नावर जगणाऱ्या १५०० हून अधिक विधवा व गरजू. साम्राज्याच्या राजधानीत, राज्याच्या मान्यतेवाचून, एक संस्था दीड हजार माणसांना पोसत होती. हा आकडा कोणत्याही राजमार्गाच्या लांबीपेक्षा अधिक काही सांगतो.

ही साक्ष ख्रिस्ती लेखकांची असल्याने ती आत्मस्तुती म्हणून बाजूला ठेवावी, असे म्हणता येईल. म्हणून विरोधकांची साक्ष अधिक मोलाची. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुशियन हा पेरेग्रिनस या भोंदूची कथा सांगताना तुरुंगाबाहेर पहाटेपासून ताटकळणाऱ्या ख्रिस्ती विधवा आणि अनाथ मुले दाखवितो. त्याला त्यांचा भोळेपणा दाखवावयाचा आहे, पण त्यातून त्यांची तत्परताच दिसते. केल्ससची तक्रार अशी की, लोकर विंचरणारे, चांभार आणि परीट यांच्यासारखे अशिक्षित लोक घरातील मुलांना व स्त्रियांना फितवितात. इ.स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील प्रांताधिकारी प्लिनी याने माहिती काढण्यासाठी दोन दासींचा छळ केला. त्या दोघी मंडळीच्या सेविका होत्या, असे तो सम्राट ट्रेजनला कळवितो. ज्या समाजात दासीची साक्ष छळाशिवाय ग्राह्य नव्हती, त्या समाजात तिला मंडळीत पद होते.

सर्वांत महत्त्वाची साक्ष सम्राट ज्यूलियनची. इ.स. ३६१ ते ३६३ या अल्प कारकिर्दीत त्याने जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभारण्याचा प्रयत्न केला. पुरोहितांना लिहिताना तो कबूल करतो की, पुरोहितांनी गरिबांची उपेक्षा केली, ते ‘गॅलिलिअनां’नी हेरले आणि परोपकाराला वाहून घेतले. अँटिओकच्या नागरिकांवर लिहिलेल्या उपहासलेखातही, तुमच्या बायका घरातील सर्व काही त्यांच्याकडे नेतात आणि त्यातून गरिबांना अन्न मिळते, असा त्रागा त्याने केला आहे. ज्यूलियनपाशी रस्ते होते, भाषा होती, तत्त्वज्ञान होते, खजिना होता आणि सैन्यही होते. त्याच्यापाशी मंडळी नव्हती. ती फर्मान काढून उभी राहिली नाही.

५. संख्येचा मोह

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांचा इ.स. १९९६ मधील ग्रंथ या विषयावरील चर्चेला नवे वळण देणारा ठरला. इ.स. ४० मध्ये एक हजार अनुयायी आणि दर दशकात चाळीस टक्के वाढ असे गृहीत धरले तर इ.स. ३०० मध्ये सुमारे त्रेसष्ट लाख, म्हणजे सहा कोटी लोकसंख्येच्या एकदशांशाहून थोडे अधिक अनुयायी होतात, असे त्यांनी दाखविले. नातेसंबंध व शेजार यांच्या जाळ्यातून धर्मांतर होते, स्त्रियांना मंडळीत अधिक सुरक्षित स्थान होते, आणि इ.स. १६५ नंतरच्या व तिसऱ्या शतकाच्या मध्यातील साथींत झालेल्या शुश्रूषेमुळे माणसे वाचली व जोडली गेली, ही त्यांची मुख्य प्रमेये आहेत.

चमत्काराची गरज नाही, सामान्य माणसांच्या सामान्य संबंधांतूनही एवढी वाढ होऊ शकते, हे दाखविण्यात स्टार्क यशस्वी झाले आहेत. परंतु त्यांचे आकडे पुरावा म्हणून उद्धृत करणे चूक आहे. आरंभीचा आकडा अंदाजाचा, शेवटचा आकडाही अंदाजाचा, आणि दर या दोहोंच्या मेळातून काढलेला. छळ, साथ, युद्ध यांचा परिणाम न दाखविणारा एकसारखा दर ही गणिताची सोय आहे, इतिहास नव्हे. साथीतील शुश्रूषेविषयीची मुख्य वर्णने अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन यांच्या वर्तुळातून आलेली आहेत. ज्यूलियनच्या कबुलीशी ती जुळतात म्हणून ती स्वीकारावीत, पण मृत्यूचे प्रमाण किती घटले हे त्यांवरून ठरविता येणार नाही.

६. राजसत्तेनंतर

इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली आणि पुढील वर्षी मिलान येथे सर्व धर्मांना मोकळीक देण्याचे ठरले. येथून प्रश्नाचे स्वरूपच बदलते. धर्मगुरूंना नागरी कर्तव्यांतून सूट मिळाली. इ.स. ३२१ मध्ये मंडळीला मृत्युपत्राने संपत्ती स्वीकारण्याची मुभा मिळाली. बिशप परिषदांसाठी सरकारी डाकगाड्यांतून प्रवास करू लागले. चौथ्या शतकातील इतिहासकार अम्मियानस तर म्हणतो की, सम्राट कॉन्स्टंटियसच्या काळी परिषदांना ये-जा करणाऱ्या बिशपांच्या झुंडींनी डाकव्यवस्था जेरीस आली. साम्राज्याचे रस्ते खऱ्या अर्थाने मंडळीच्या मालकीचे झाले ते या काळात. पौलाने ते पायी तुडविले होते.

इ.स. ३८० मध्ये थिओडोसियसने एका विशिष्ट ख्रिस्ती मताला राजधर्माचा दर्जा दिला. दशकभरात यज्ञबळींवर बंदी आली आणि अलेक्झांड्रियाचे सेरापिसचे भव्य मंदिर जमावाने उद्ध्वस्त केले. इ.स. ४१५ मध्ये त्याच शहरात हायपेशिया या विदुषीची हत्या झाली. पहिल्या तीन शतकांचा प्रसार आणि चौथ्या शतकानंतरचा प्रसार यांना एकाच ‘अनुकूल परिस्थिती’च्या सदरात घालणे म्हणजे मन वळविणे आणि हात पिरगाळणे यांतील भेद पुसून टाकणे होय. अनुकूल परिस्थितीच्या सिद्धान्ताचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

दासांच्या बाबतीतही हा हिशेब मांडला पाहिजे. मंडळीत दासाला स्थान होते. इ.स. २१७ च्या सुमारास रोमचा बिशप झालेला कॅलिस्टस पूर्वाश्रमीचा दास होता, असे त्याचा विरोधक हिप्पोलिटस सांगतो. परंतु दास्याची संस्था मात्र अबाधित राहिली. पौलाने ओनेसिमसला त्याच्या मालकाकडे परत पाठविले. इ.स. ३४० च्या सुमारास गांग्रा येथील परिषदेने, धर्माच्या नावाखाली दासाला मालकाचा अवमान करावयास शिकविणाऱ्याला बहिष्कृत ठरविले. न्यासाच्या ग्रेगरीने त्याच शतकात माणसाची मालकीच पाप आहे असे प्रखरपणे सांगितले. त्याचा आवाज एकाकी राहिला. आपण हा तराजू हाती घेतला तर तो दोन्ही बाजूंना सारखा धरावा लागेल. उपाली, सुनीत, सोपाक यांना संघात आदराचे स्थान होते, आणि महावग्गाच्या महाखन्धकात ऋणको, राजसैनिक व दास यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियमही आहे. सावकार, राजा आणि मालक यांच्याशी संघर्ष टाळणे हा त्यामागील हेतू तेथील प्रसंगांवरूनच दिसतो. संस्थेच्या आतील समता आणि समाजातील समता या दोन वेगळ्या लढाया आहेत.

७. तीच कसोटी धम्माच्या इतिहासाला

ख्रिस्ती प्रसाराच्या तीनशे वर्षे आधी त्याच ग्रीक जगाकडे धम्माचा संदेश गेला होता. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुदर या पाच ग्रीक राजांची नावे आहेत. इ.स. १९५८ मध्ये कंदाहार येथे सापडलेला अशोकाचा लेख ग्रीक आणि अरेमाइक भाषांत आहे. पुढे रोमशी भरभराटीचा व्यापार चालला. कार्ले, नाशिक व जुन्नर येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट बुद्धाचे नाव घेतो. म्हणजे मार्ग होता, भाषा होती, व्यापार होता, राजाश्रयही होता. तरीही भूमध्य समुद्राकाठी संघ उभा राहिल्याचा पुरावा नाही.

हा पुरावा नसल्याची खंत भरून काढण्यासाठी आपल्या काही लेखकांनी घाईचे निष्कर्ष काढले आहेत. महावंसात महास्तूपाच्या प्रसंगी ‘अलसंद’ नगरीहून आलेल्या योन महाधम्मरक्खित थेरांचा आणि तीस हजार भिक्खूंचा उल्लेख आहे. हे नगर इजिप्तमधील अलेक्झांड्रिया असावे असे म्हटले जाते. परंतु मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आपले जन्मस्थान अलसंद असल्याचे आणि ते सागलपासून दोनशे योजने दूर असल्याचे सांगतो. ते काबूलच्या परिसरातील अलेक्झांड्रिया मानणेच युक्त आहे. फिलोने वर्णिलेल्या ‘थेराप्युते’ साधकांचा थेरवादाशी लावलेला संबंधही केवळ ध्वनिसाम्यावर उभा आहे. तो शब्द सेवा व उपचार या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला आहे. ख्रिस्ती धर्माच्या यशात बौद्ध वाटा शोधून आपला मोठेपणा सिद्ध होत नाही.

याउलट जेथे विहार, दाते आणि लोकभाषा एकत्र आल्या, तेथे धम्म शतकानुशतके टिकला. गांधार, मध्य आशिया आणि सिंहल ही त्याची उदाहरणे. भगवान बुद्धांनी आपली वचने छंदोबद्ध संस्कारित भाषेत घालू नयेत असे चुल्लवग्गात सांगितले, त्यामागे हीच दृष्टी होती. भारतात मात्र राजा आणि श्रेष्ठी यांचा आधार सुटला आणि विहार ओस पडले, तेव्हा उपासकांना बांधून ठेवणारी स्वतःची संघटना नव्हती. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच मर्मावर बोट ठेवले आहे. भिक्खूला संघदीक्षा होती, उपासकाला धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्यात जावयास मोकळा राहिला, आणि भारतातील ऱ्हासाचे हे एक कारण ठरले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नॉक यांनी केलेला ‘भर’ आणि ‘धर्मांतर’ हा भेद आणि बाबासाहेबांचे हे निदान एकमेकांशी जुळते. इ.स. १९५० मधील आपल्या लेखात बाबासाहेबांनी सर्वांना वाचता येईल असा एक धर्मग्रंथ, संघाच्या ध्येयाची व रचनेची पुनर्मांडणी आणि जागतिक धम्मप्रचाराची संस्था अशी तीन कामे सांगितली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ही उपासकाच्या दीक्षेतील ती उणीव भरून काढणारी कृती होती.

समारोप

प्राचीन जगातील परिस्थितीने ख्रिस्ती धर्माला वाट दिली, हे विधान खरे आहे आणि अपुरे आहे. तीच वाट अनेकांना मिळाली होती. तीवरून जो पुढे गेला त्याने जन्माऐवजी दीक्षेला महत्त्व दिले, दर आठवड्याला माणसे एकत्र आणली, पैशाचा हिशेब ठेवला, विधवेला अन्न दिले आणि मेलेल्या गरिबाला माती दिली. त्यानंतर सत्ता मिळाली, तेव्हा संख्या वाढली आणि दुसऱ्यावर सक्ती करण्याची शक्तीही आली. पहिल्या टप्प्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्या टप्प्याकडे इशारा म्हणून पाहावे लागेल.

अनुकूल काळाची वाट पाहणाऱ्यांना आणि प्रतिकूल काळाला दोष देणाऱ्यांना हा इतिहास सारखेच उत्तर देतो. इ.स. २५१ मध्ये रोमची मंडळी नुकत्याच झालेल्या छळातून जेमतेम सावरत होती. तिचा आधीचा बिशप त्याच छळात मारला गेला होता. त्या वर्षीही दीड हजार गरजूंच्या अन्नाची नोंद कोणीतरी ठेवीत होते. आपल्या प्रत्येक विहारात अशी एक वही आहे काय, आणि असल्यास तीत कोणाची नावे आहेत, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे.